आधी लिंबू, मग रबर

३ मार्च, सोमवार

पुन्हा फाटलं. ओव्हनमधून काढलेली रबराची पट्टी ओढायच्या मशीनला लावली, बटण दाबलं, आणि जुनेर फाटावं तशी टर्रकन फाटली. गेल्या आठवड्यात वरच्या प्रयोगशाळेतल्या रबर मळायच्या छोट्या मिलवर मी स्वतः हेच रबर केलं होतं. दीडशे डिग्रीत तीन दिवस भाजूनही ती पट्टी अशी चिवट, की ओढता ओढता माझ्या मदतनीस संघप्रियाचा धीर सुटला पण पट्टी तुटेना. तोच माल, तेच माप, खाली शेडमधल्या मोठ्या मिलवर केलं की हे असं. वर पास, खाली नापास. पंचवीस वर्षं रबरात घालवली, पण असला छळ पाहिला नाही.

डॉक्टरांनी बीपीसाठी रोज चालायला सांगितलंय. चालायला वेळ कुणाला आहे? म्हणून लिहायला बसले. निदान कुणावर ओरडायच्या ऐवजी कागदावर ओरडता येईल.

या सगळ्याचं मूळ माझा धाकटा भाऊ राजवर्धन. वडिलांमागे कारखाना तो चालवतो, मी प्रयोगशाळा बघते. हा वाशीच्या एका कंपनीला शब्द देऊन आला. हॉस्पिटलातली औजारं वाफेवर निर्जंतुक करायची मशिनं ते बनवतात. त्या मशीनच्या दाराला वाफ अडवणारं रबराचं गॅस्केट लागतं. रोज कढत वाफ, रोज दाब, तरी ते कडक व्हायला नको, चिरायला नको, ताकद जायला नको. "ताई करते की," असं सांगून आला. ताई करते! ताईला विचारायचं तेवढं राहिलं. नमुने शनिवारी २९ तारखेला द्यायचेत. नाही जमले तर राजू खालची मिल बंद करून मळून तयार असलेलं रबर बाहेरून विकत घेणार. म्हणजे माझी प्रयोगशाळा आणि आमचा जुना कामगार भैरू चालवतो ती मिल, दोन्हींना कुलूप. हे तो भांडताना बोलला असता तर मी मनावर घेतलं नसतं. चहा पिताना शांतपणे बोलला, म्हणून खरं वाटलं.

५ मार्च, बुधवार

आज डोकं शांत ठेवून विचार केला. आमच्या रोजच्या रबरात गंधक असतं. त्याने रबर पक्कं होतं पण फार उष्णता सोसत नाही. म्हणून या नव्या रबरात गंधकाऐवजी पेरॉक्साइड घातलंय. पेरॉक्साइड म्हणजे दिवाळसणाला आलेला जावई. याने रुसतं, त्याने रुसतं. गंधकाचा अंश लागला की बिघडलं. आंबट काही, म्हणजे आम्ल, लागलं तर विचारूच नका, जागच्या जागी मरतं. मोठ्या मिलवर दिवसभर गंधकाचा माल चालतो, तोच रोलांना चिकटून राहत असणार. सापडला चोर!

भैरूला सांगितलं, आज दुसरं काही करू नकोस, मिल घास. भैरू वडिलांच्या वेळचा, आमच्याच साताऱ्याकडचा. मिल म्हणजे दोन जाडजूड पोलादी रोल, एकमेकांकडे फिरणारे. मधल्या फटीत रबर घालायचं, वरून काजळी आणि बाकीचा मसाला टाकायचा, रोलावरची लादी सुरीने सोलून पुन्हा फटीत घालायची. हे सगळं हाताने. भैरूच्या डाव्या हाताची दोन बोटं अशाच एका मिलने नेली, आमच्याकडे यायच्या आधी, दुसऱ्या कारखान्यात. तरी त्याच्यासारखी लादी इथल्या अख्ख्या पावणे एमआयडीसीत कुणी सोलत नाही.

संध्याकाळपर्यंत त्याने रोल घासून आरसा केला. माझं समाधान झालं. मग त्याचा नेहमीचा सोपस्कार: मिल चालू करून फटीत लिंबू टाकलं. फस्स करून चिरडलं, रस रोलभर पसरला. फडक्याने वरवर पुसलं आणि नव्या मालाला हात घातला. संघप्रियाने नाक मुरडलं. ती तुर्भ्याहून येते, आमचं क्वालिटीचं काम तीच बघते, आणि असल्या प्रकारांवर तिचा भयंकर राग. मी म्हटलं, जाऊ दे गं, कुणाचं काय जातंय एका लिंबाने.

निघताना भैरू म्हणाला, "ताई, त्या दोरीचं बघा की जरा." रोलांच्या वरून एक आडवी दोरी असते, वेळप्रसंगी ओढली की मिल थांबते, ती. सैल झाली असेल. इथे माझ्या गळ्याचा फास आवळत चाललाय आणि याला दोरीची पडलीय. मशीनचं राजू बघतो, त्याला सांग म्हटलं.

७ मार्च, शुक्रवार

नापास. आरशासारख्या रोलांवर केलेला माल नापास. गंधकावर मी घेतलेला आळ मागे घेते.

११ मार्च, मंगळवार

राजूने निकाल लावून टाकला. "ताई, वर तू करतेस तेव्हा पास. खाली भैरू करतो तेव्हा नापास. मग घोडं कुठे अडलंय ते दिसत नाही का तुला? म्हाताऱ्याचा हात आता चालत नाही."

चिडले मी. पण रात्री आडवी झाले तेव्हा वाटलं, खोटं काय आहे त्यात? माल तोच, माप तेच, हात वेगळा. मसाला नीट मिसळत नसेल. भैरू साठीला आलाय.

राजूने नवा माणूसही आणून ठेवलाय. कान्हा. तिशीचा, अंगाने दणकट, रबाळ्याच्या एका कारखान्यात मिलवर होता. भैरूला म्हटलं, याला शिकव, तुलाही जरा आराम. तर भैरू त्याला मिलच्या जवळ फिरकू देत नाही! कान्हाने नुसता रोलाला हात लावला तर याने खेकसून त्याला पार दरवाजापर्यंत पिटाळलं. "माल तोलून दे मला. म्होरं यायचं न्हाई." आज दिवसभर त्या बिचाऱ्याने काजळी तोलली आणि काळा ठिक्कर होऊन घरी गेला.

माणसाला खुर्ची सोडवत नाही म्हणतात. इथे तर खुर्चीही नाही, तरी सुटत नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. दुपारी दोन वाजताच अर्धी शेड रिकामी. मी आणि संघप्रिया ओव्हनसमोर बसून होतो. पट्टी आज फाटलीसुद्धा नाही, नुसती लांबत गेली, मळलेल्या कणकेसारखी. म्हणजे रबर पक्कंच होत नाहीये. पेरॉक्साइड काम करायच्या आधीच मरतंय. का मरतंय?

पेरॉक्साइड जुनं असेल म्हणून नवा डबा फोडला. तेल बदललं. रबरात भर म्हणून जी पांढरी माती घालतो तिचा आंबटपणा तपासला, शंका नको म्हणून तीही बदलली. पुरवठादाराला फोन करून अर्धा तास झाडलं. तो म्हणाला, मॅडम, माझा माल गेली दहा वर्षं घेताय. मी म्हटलं, म्हणूनच ओरडतेय, परक्यावर ओरडले नसते. होळीच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

भैरूलाही टेन्शन आलेलं दिसतं. हल्ली एका लिंबावर भागत नाही, पाच टाकतो. रोलांखालची परात रसाने भरते. पोहे करावेत म्हणून घरी लिंबं बघितली तर एक नव्हतं, आणि इथे पाच पाच मशीन खातंय.

१७ मार्च, सोमवार

नव्या मातीचा माल. वर छोट्या मिलवर फर्स्ट क्लास. खाली कणीक.

वाशीहून क्रांती मॅडमचा फोन. त्या कंपनीत नमुने पास-नापास करणं यांच्या हातात. आवाज गोड, पण प्रश्न एकच आणि सरळ: "तुमचं होतंय की मी दुसरीकडे सांगू?" होतंय म्हणाले. जीभ झडली नाही एवढंच.

राजू म्हणतो, हे बघ, उगीच ताणू नकोस, वरच्या मिलवर केलेले चार तुकडे देऊन टाक. अरे, आणि ऑर्डर आली की? गॅस्केट काय वर चमच्याने करू? आणि हॉस्पिटलच्या मशीनचं दार आहे ते. उद्या सुटलं तर समोर कुणीतरी नर्स उभी असेल. हे म्हटल्यावर तुकड्यांचा विषय सोडला. वाईट माणूस नाही तो. नुसता घाईचा आहे.

भैरूने पुन्हा दोरीचं काढलं. मी पुन्हा राजूकडे बोट दाखवलं. राजू म्हणाला, सर्व्हिसिंग आहे एप्रिलमध्ये, तेव्हा बघू. झालं, मिटलं.

२० मार्च, गुरुवार

आज मी जे केलं ते माझ्या कॉलेजच्या सरांना कळलं तर डिग्री परत मागतील.

काल संध्याकाळी भैरू माल घ्यायलाच तयार नव्हता. का, तर लिंबं संपली. नाक्यावरच्या भाजीवाल्याकडेही नव्हती, उन्हाळ्याची महागलीत. लिंबाशिवाय मिलला हात लावणार नाही म्हणजे नाही. मी बोलले, ओरडले, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. तो नुसता फटीकडे बघत उभा. एक दिवस फुकट गेला.

म्हणून आज सकाळी नेरूळ मार्केटला रिक्षा थांबवून मी, उज्वला, रबर टेक्नॉलॉजिस्ट, स्वतः लिंबं निवडून घेतली. चांगली पातळ सालीची, रसाची. पिशवी भैरूच्या हातात कोंबली आणि म्हटलं, घे बाबा, एकवीस घाल, एकावन्न घाल, काय अभिषेक करायचाय तो कर, पण माल दे. त्याने खरंच अकरा घातली. एकेक करून, प्रत्येकाकडे टक लावून बघत. शेडभर कसा ताजा वास सुटला होता.

संघप्रिया माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाही.

२२ मार्च, शनिवार

आजवरचा सगळ्यात वाईट निकाल. हाताला चिकटतंय. पट्टी कापताच येईना, मग ओढणार काय?

डोकं आऊट झालं. खाली गेले आणि सगळ्यांसमोर भैरूला म्हणाले, पुरे झालं. मंगळवारचा माल शेवटचा. तोही बिघडला तर बुधवारपासून मिलवर कान्हा.

भैरूने काही आवाज चढवला नाही. मिलच्या समोर येऊन उभा राहिला, मधे. "मी असंस्तवर त्यो न्हाई," म्हणाला. "मला घालवा, पर मिलबी बंद करा. आन् ताई, त्या दोरीचं..."

"दोरी, दोरी, दोरी! काय करू त्या दोरीचं, गळ्याला लावून घेऊ?" मी इतक्या जोरात ओरडले की प्रेसवरची माणसं काम टाकून बघायला लागली. मग वर येऊन पाणी प्यायले. त्याला बोलले याचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचाही राग येत होता.

२५ मार्च, मंगळवार

शेवटचा माल. भैरूने आज माझी उरलेली सगळी लिंबं मिलला दिली. दोन तासांनी लादी वर आली. गरम, मऊ, चिकट. मी ती दोन्ही हातांनी उचलून नाकाशी नेली. जुनी सवय, रबर बिघडलं की वासावरून कळतं.

लिंबाचा वास आला.

मी ती लादी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. लिंबू. लिंबाचा रस. आम्ल. आंबट काही लागलं की पेरॉक्साइड मरतं, हे मी गेले तीन आठवडे येईल त्याला ऐकवतेय. त्या पुरवठादाराला ऐकवलं, राजूला ऐकवलं, क्रांती मॅडमना फोनवर ऐकवलं. पांढऱ्या मातीतला आंबटपणा कागद बुडवून बुडवून तपासला. आणि खाली पराती भरून रस! काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही पुरे नाही म्हणून कळसा मीच बाजारातून आणून दिला.

रोजच्या गंधकाच्या मालाला त्या लिंबाने काही फरक पडत नव्हता, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. नव्या मालाला पडला. छोट्या मिलवर लिंबू नाही, म्हणून वर पास. जसजसे निकाल बिघडले तसतशी भैरूने लिंबं वाढवली, आणि लिंबं वाढली तसतसे निकाल बिघडले.

संघप्रियाला हाक मारून लादी तिच्या नाकाशी धरली. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी. मग हसणं थांबलं आणि मला भैरूचा असा राग आला की सांगता सोय नाही. अंधश्रद्धेपायी महिना घालवला या माणसाने माझा! उद्या सकाळी बघतेच.

२६ मार्च, बुधवार

सकाळी मिलसमोर उभी राहिले आणि म्हणाले, भैरू, आजपासून लिंबू बंद. एकही नाही. का, तेही समजावलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली.

"मग माल लावतोस?"

"न्हाई."

"अरे, कळतंय ना तुला? तुझ्या लिंबानेच बिघडत होतं! कसली नजर लागणार आहे या लोखंडाला? कुठल्या देवाने सांगितलंय तुला?"

"देवाचं काय न्हाई त्यात," तो म्हणाला. "नजरंचंबी न्हाई."

"मग कशासाठी घालतोस?"

त्याने खिशातून एक लिंबू काढलं, तीन बोटांच्या हातात धरलं. "सकाळी सकाळी ह्ये फटीत चिरडताना बगितलं की ध्यानात ऱ्हातंय. काय हुतंय ते. मग दिसभर हात आपसूक मागं ऱ्हातो. येकदा का सवय झाली की मानूस इसरतो, ताई. हात फुडं जातो."

"अरे, पण त्यासाठी दोरी आहे ना वर!"

भैरू बाजूला सरकला, मिल चालू केली आणि म्हणाला, "वडा."

मी दोरी ओढली. मिल फिरत राहिली. जोरात ओढली. फिरत राहिली. दोन्ही हातांनी लोंबकळले त्या दोरीला. रोल आपले संथ फिरतायत, काही झालंच नाही असे.

"कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या दिवाळीपास्नं. लिंबूबी तवापास्नंच."

आणि मी समजत होते, लिंबू वडिलांच्या वेळेपासून चाललंय.

राजूला खाली बोलावलं. तो म्हणाला, "अगं, दिवाळीच्या ऑर्डरीला ती सारखी उगाच ट्रिप होऊन मिल थांबवायची. प्रॉडक्शन अडायचं. म्हणून वायर काढून ठेवली होती, तात्पुरती."

तात्पुरती! मी त्याला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. आई असती तर म्हणाली असती, घरच्या शिव्या घरात ठेवाव्यात. तर हा म्हणतो, "ताई, तुझं सगळं खरं. पण तीन दिवस राहिलेत. आता कारण कळलंय, तर आज माल काढू दे, नमुने जाऊ दे, मग करतो ना वायर." मी मेन स्विच पाडला, पॅनेलला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. म्हटलं, नमुने गेले उडत. क्रांती मॅडमना मी सांगेन. दोरी चालेपर्यंत ही मिल फिरणार नाही, आणि तुला फिरवायचीच असेल तर आधी तुझा हात घाल त्यात.

तावातावाने वर आले. संघप्रिया पाठोपाठ आली. मी म्हटलं, बघ गं, दीड वर्ष, आणि हा भैरू एका शब्दाने बोलला नाही मला!

ती पट्ट्यांवर नंबर टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, बोलत होते ते. मी होते ना तिथे."

२७ मार्च, गुरुवार

सकाळी शेजारच्या कारखान्यातला इलेक्ट्रिशियन आला. मला वाटलं, दोन दिवस खाईल, पार्ट नाही म्हणेल, पुण्याहून मागवावा लागेल म्हणेल. त्याने वायर जोडली, एक स्विच बदलला, दोरी ताणून बांधली. आमचे डबे खाऊन व्हायच्या आत काम झालं. "एवढंच होतं?" म्हणून त्यालाच आश्चर्य. चहासुद्धा न घेता गेला.

मिल चालू केली. भैरूने दोरी ओढली. खट्. रोल जागच्या जागी थांबले. त्याने पुन्हा चालू केली, पुन्हा ओढली. खट्. पुन्हा. पुन्हा. राजू म्हणाला, अरे भैरू, मोटर जळेल. मी राजूला गप्प बस म्हटलं. भैरू ओढत होता आणि थांबलेल्या रोलांकडे बघत होता. मला वाटलं, आता हसेल. हसला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "येवढंच हुतं व्हय, ताई?"

माझ्या डब्याचं झाकण लागत नव्हतं, ते लावत बसले.

मग रोल धुऊन काढले, साबणाने, सोड्याने, पुन्हा साध्या पाण्याने. कोरडे केले. भैरूने माल घेतला. लिंबाशिवाय. अर्ध्या तासात अशी लादी सोलून दिली, काळीभोर, गुळगुळीत, की हात फिरवत राहावंसं वाटलं. वर नेऊन गरम साच्यात गॅस्केटं दाबली. पट्टी मशीनला लावली. चिवट! संघप्रियाने ओढत ओढत पार शेवटपर्यंत नेली तेव्हा कुठे तुटली. मी तिला मिठीच मारली. तिला असलं आवडत नाही, पण आज तिने चालवून घेतलं.

आनंदाने खाली सांगायला गेले तर भैरू आणि कान्हा मिलजवळ. दोन आठवडे ज्याला म्होरं येऊ दिलं नाही त्याला हा आता खांद्याला धरून रोलांसमोर उभा करत होता. "आदी ही वड. रोज सकाळी पयलं ह्येच. थांबली तरच माल घ्यायचा. न्हाई थांबली तर घरी जायचं, कुनी कायबी म्हनू दे." कान्हा दोरी ओढत होता. मला हसू आलं. महिनाभर पायात पाय घालत होता आणि आज एकदम गुरुजी! मनात म्हटलं, चला, आपण घातलेल्या धाकाचा उपयोग झाला.

२९ मार्च, शनिवार

नमुने दिले. मी स्वतः वाशीला जाऊन क्रांती मॅडमच्या हातात ठेवले. ओव्हनमध्ये तीन दिवस, मग वाफेत, मग ओढून बघणार. त्यांनी विचारलं, आधी काय बिघडत होतं? मी म्हटलं, थोडा आम्लाचा प्रॉब्लेम होता. लिंबाचं सांगायचं धाडस झालं नाही.

उद्या पाडवा. घरी श्रीखंड आणलंय. या महिन्यात पहिल्यांदाच नीट भूक लागलीय.

५ एप्रिल, शनिवार

पास! ओव्हनमध्ये पास, वाफेत पास, ताकदीत पास. क्रांती मॅडम म्हणाल्या, भाजल्यावरसुद्धा पट्टी तुटायला इतका वेळ घेत होती की आमचा माणूस कंटाळला. ऑर्डर लेखी आली. मिल राहिली, प्रयोगशाळा राहिली. राजू पेढे घेऊन आला, माझ्या पाया पडायला वाकला, मी पाठीत धपाटा घातला. "ताई करते म्हटलं होतं ना मी?" निर्लज्ज कुठला.

पेढे घेऊन खाली गेले. भैरूला म्हटलं, घे, तुझ्या हातचं रबर पास झालं. आता निदान पाच वर्षं हा माल चालेल, आणि पाच वर्षं तू कुठे जात नाहीस.

त्याने दोन्ही हात पुढे करून पेढा घेतला. म्हणाला, "ताई, म्हैनाअखेरीला मी सुटतो."

"म्हणजे?"

"गावी जातो. थोरला ल्योक कवाचा बोलीवतोय. दोन वर्सं झाली, घर बांधलंय, म्हनतो आता पुरं करा."

माझं टाळकंच सरकलं. आत्ता? महिनाभर मिलसमोर आडवा उभा राहून माझं रक्त आटवलंस, मी असंस्तवर दुसरा नाही म्हणालास, आणि आता सगळं सुरळीत झाल्यावर जातोस? जायचंच होतं तर तेव्हा कान्हाला का नाही उभं राहू दिलंस?

"तवा दोरी नव्हती," भैरू म्हणाला. "मी गेलो आस्तो तर त्याचा हात गेला आस्ता त्यात. माजं काय, माजी दोन गेल्यालीच हायत, मी जपून ऱ्हातो. त्याला काय म्हाईत. आता दोरी हाय. आता कुनीबी चालवंल."

कान्हा पलीकडे सकाळचा माल घेत होता. लादी अजून वेडीवाकडी सोलतो, पण हात मागे ठेवतो.

मी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "अरे, पण निदान मला एकदा नीट सांगायचंस ना रे भैरू."

"सांगत हुतो की," तो म्हणाला. पेढ्याचा अर्धा तुकडा त्याने कान्हासाठी कागदात गुंडाळून ठेवला आणि हात धुवायला गेला.